यात्रेची तारीख

तासगाव
१२ जानेवारी २०२६

धुळा,

पत्राच्या सुरुवातीला धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायचा असतो. तो सध्या माझ्याकडे राहू दे.

हे पत्र तुला तुझी लेक सोनिया वाचून दाखवेल. सोनिया, एक शब्द गाळू नकोस. तुझे अण्णा चिडले तर आत्तीवर चिडतील, तुझ्यावर नाही. वाचून झालं की विचार, परत वाचू का.

फोन तू उचलत नाहीस. मेंढरं उंब्रजला आप्पासो पाटलांच्या ऊस तुटलेल्या रानात बसली आहेत, असं कळलं. म्हणून त्यांच्या पत्त्यावर लिहिते. त्यांना लेंड्या हव्यात, म्हणजे तू रानात असेपर्यंत ते तुझं टपालही सांभाळतील.

माझ्या लग्नात आबांनी मला सात मेंढ्या दिल्या. सगळ्या काळ्या. हळदीच्या दिवशी आबांनी त्यांच्या डाव्या कानाला कातरा मारला आणि जखमेत भंडारा भरला. तू पाय धरायला होतास. शेवटची मेंढी तुझ्या हातून सुटली आणि मांडवात शिरली. मामा म्हणाले, नवरीआधी हीच निघाली सासरला. आबा म्हणाले, "लेक परक्या घरची हुती. मेंढरू हुत न्हाई."

मेंढ्या तुमच्याच कळपात राहिल्या. आपल्यात असंच ठेवतात. नर कोकरू राखणाऱ्याचं, मादी जिची तिची. दर दसऱ्याला माझ्या मेंढ्यांच्या लोकरीची एक घोंगडी मला यायची. आबा होते तोवर आबांनी पाठवली. आबा गेल्यावर तू पाठवलीस. हे मी नाकारत नाही. बारा वर्षं न चुकता पाठवलीस.

मग माझा नवरा गेला आणि त्याच वर्षी घोंगडी आली नाही.

मला वाटलं, सुतकामुळे असेल. मी वाट पाहिली. चैत्रात यात्रेला आले. बिरोबाच्या देवळामागे, लिंबाखाली, तू पाहुण्यांत बसला होतास. मी म्हणाले, धुळा, आता मला माझी मेंढरं लागतील. दिरानं कळप विकलाय, माझ्याकडे दुसरं काही नाही. तू वर पाहिलं नाहीस. म्हणालास,

"कसली मेंढरं? आबाला जाऊन बारा वरसं झाली. बारा वरसानं जमीन बी दुसऱ्याची हुती. ही तर जितराबं. संपलं आक्का."

कुणीतरी पानाचं तबक पुढे केलं.

मीही मानलं की संपलं. बारा वर्षांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बारा वर्षं कसली की त्याची, बारा वर्षं गप्प बसला की गेला. घोंगड्या तू माया म्हणून पाठवत नव्हतास. मी गप्प बसावं म्हणून पाठवत होतास, हे मला एस.टी.त बसल्यावर समजलं.

मागच्या महिन्यात एका वकीलबाईंना भेटले. संयोगिता नाव. वयानं आपल्या सोनियाहून फार मोठी नाही. ती म्हणाली, बारा वर्षं जमिनीला. जनावर जमीन नव्हे. जनावर ठेवायला दिलं, तर मुदत ठेवल्या दिवसापासून चालू होत नाही. मालकानं मागितलं आणि राखणाऱ्यानं नाही म्हटलं, त्या दिवसापासून तीन वर्षं. मागितलंच नाही तर घड्याळ चालू होत नाही.

आबांच्या मागे बारा वर्षं मी मागितलं नाही. ती बारा वर्षं तू उगाच मोजलीस. घड्याळ तू चालू केलंस, त्या लिंबाखाली.

म्हणून हे पत्र. माझी मेंढरं दे. डाव्या कानाला कातरा असलेली आणि त्यांच्या पोटच्या माद्या. बाकी एक शेपूट मला नको.

साळू


तासगाव
९ फेब्रुवारी २०२६

धुळा,

तू उत्तर लिहिलं नाहीस. भावकीतल्या नाथातात्यांना पाठवलंस. म्हणजे पत्र पोचलं.

तात्या थेट बेदाण्याच्या शेडवर आले. आम्ही बायका खाली बसून बेदाणे निवडत होतो. मुकादमाला वाटलं, म्हातारा व्यापारी आहे. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. तात्यांनी चहा बशीत ओतून प्यायला, मूठभर बेदाणे खिशात टाकले आणि मग माझ्याकडे वळले.

"साळे, भावावर कोरट करतीस? वर बिरोबा बघतोय."

"बघू द्या. साक्षीला उपयोगी पडेल."

"तुझी मेंढरं कवाच मेली गं. मेंढरू काय शंभर वरसं जगतंय?"

"मेली. विताना मेली, की वांझ मेली?"

तात्या हसले. पुढचे दोन दात गेलेत त्यांचे. म्हणाले, "वकिलावानी बोलाय लागलीस."

हा मेलेल्या मेंढ्यांचा मुद्दा तुझाच असणार. मी तो संयोगिताला विचारून ठेवला होता. तिनं पुस्तक काढलं. त्यात म्हणे गाईचा दाखला दिलाय. एकानं दुसऱ्याकडे गाय सांभाळायला ठेवली, गाईला वासरू झालं, तर गाय परत करताना वासरूही परत करायचं. हे सांगताना ती खुशीत होती. मी म्हणाले, एवढ्याला पुस्तक लागतं? ती म्हणाली, कोर्टात लागतं.

तात्यांचं म्हणणं असं की यात्रा होऊ दे. यात्रा झाली की पंच बसवू, बसून मिटवू, तोवर कोर्टाची पायरी चढू नकोस. मी विचारलं, यात्रेच्या आधी का नाही? म्हणाले, मेंढरं खाली नदीकाठाला हायती, धुळा कळप टाकून कसा येणार. मागच्या वर्षी तू कोकणात होतास. त्याच्या मागच्या वर्षी पाऊस लांबला होता. दर वेळी तात्याच आले आणि दर वेळी मी हो म्हणाले. हे तिसरं वर्ष. तात्या काही वाईट नाहीत. पण ज्याच्या दारात कळप बसतो त्याच्या बाजूनं ते बोलतात. माझं दार भाड्याचं आहे.

तरीही मी शब्द दिला. यात्रा होईपर्यंत दावा लावणार नाही. शेडमधल्या बायकांसमोर दिला. तात्या उठताना म्हणाले, "आता कसं बहिणीवानी बोललीस." सुलाबाई माझ्या शेजारी बसते. तात्या फाटकाबाहेर गेल्यावर ती म्हणाली, बाई, तू खुळी का काय?

संयोगिताही तेच म्हणाली, जरा शिकलेल्या भाषेत. "कुणाला विचारून शब्द दिलात? मुदत काय तुमचे तात्या वाढवून देणार आहेत?" मी म्हणाले, दिलाय. तिनं पेन आपटलं. मग विचारलं, यात्रा कधी असते? मी सांगितलं, चैत्री पौर्णिमेला. तिनं फोनमध्ये काहीतरी पाहिलं. पुन्हा पाहिलं. नंतर पेन उचलून म्हणाली, ठीक आहे. दिलाय तर पाळा.

तेव्हा तू निर्धास्त राहा. यात्रेपर्यंत मी दावा लावत नाही. सोनिया, हे वाक्य दोनदा वाच.

साळू


तासगाव
५ मार्च २०२६

धुळा,

उंब्रजला पाठवलेलं एक पत्र परत आलं. पोस्टमननं पाकिटावर लिहिलंय, पत्ता सोडून गेले. मी ते पाकीट सुलाबाईला दाखवलं. म्हटलं, आमची जातच पत्ता सोडून गेलेली. ती म्हणाली, मग कोर्टाचा माणूस तुझ्या भावाला कुठं गाठणार? म्हटलं, जिथं गवत आहे तिथं.

तू पाटणला आहेस. कोयनेच्या अंगाला, पुलाच्या वरच्या बाजूला. मी विचारून काढलं. लहानपणी त्याच जागी तुला ताप आला होता आणि आबांनी तुला घोड्यावर बांधून दवाखान्यात नेलं होतं. कळप मी राखला. आठ दिवस. तुझ्या ते लक्षात नसेल. मी आश्रमशाळेत गेले, तू काठी घेतलीस, तेव्हापासून घरात सगळे धरून चालले की साळूला मेंढरांतलं काय कळतं. मला अजून विताना अडलेली मेंढी सोडवता येते. गेल्या पावसाळ्यात शेडमालकाची सोडवली. त्यानं सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून इथले द्राक्षबागायतदार मला विचारतात, बाई, तुमची मेंढरं कधी येणार? लेंडीखताला इथं ट्रॉल्या वाट बघत उभ्या असतात. वस्तीच्या मागे माळ आहे. पाण्याचं बोलून ठेवलंय. मी तुझ्याकडे भीक मागत नाही. मला काम आहे आणि माझी हत्यारं तुझ्याकडे आहेत.

काल एस.टी.तून तुझं पार्सल आलं. कंडक्टरनं स्टँडवरून निरोप दिला. घोंगडी.

दसरा नाही, दिवाळी नाही. चौथ्या वर्षी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर घोंगडी. बरोबर सोनियाच्या आवाजातला निरोप फोनवर. "आत्ती, अण्णा म्हणत्यात, यात्रेला नक्की ये. समदं मिटवू. भाऊ-भनीत कशाला वकील पायजे?" सोनिया, तू वाचून दाखवल्यासारखं बोलत होतीस. शेजारी कोण बसलं होतं?

घोंगडी मी उघडली. अंगाला लावून पाहिली. मऊ आहे. टोचत नाही. नाकाशी धरली. वास नाही, धुळा. ना मेंढराचा, ना चिंचोक्याच्या खळीचा. काठ मशीननं शिवलाय. ही बाजारातली आहे. तू कुणाच्याही लोकरीची घोंगडी माझ्याकडे पाठवलीस, कारण माझ्या लोकरीची पाठवली असती तर माझी लोकर आहे असं झालं असतं.

म्हणजे तूही वकील गाठलास. बारा वर्षांचा हिशेब चुकला, आता तीन वर्षांचा धरलास. तसं असेल तर तुला यात्रेची घाई माझ्यापेक्षा जास्त आहे.

घोंगडी खुंटीला टांगलीय. पांघरणार नाही. यात्रेला घेऊन येते.

साळू


दहिवडी
६ एप्रिल २०२६

धुळा,

हे पत्र आपल्या तालुक्याच्या कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून लिहिते आहे. तुला वाटत असेल, मी यात्रेच्या संध्याकाळीच एस.टी.नं तासगावला गेले. गेले नाही. तीन दिवस दहिवडीत संयोगिताच्या मावशीकडे होते. संयोगिताही इथंच होती.

यात्रेत काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण सोनिया देवळाकडे नैवेद्य घेऊन गेली होती, तिनं ऐकलेलं नाही. सोनिया, ऐक.

मी सकाळी आले. देवाच्या पाया पडले. लिंबाखाली तुझे अण्णा, नाथातात्या आणि भावकी बसली होती. जागाही तीच. मी तात्यांना म्हणाले, पंच बसवायचे होते. तात्या आभाळाकडे बघायला लागले. मी घोंगडी अण्णांसमोर ठेवली. म्हटलं, ही माझी नाही. माझी मेंढरं सांग.

तुझे अण्णा हसले. कपाळभर भंडारा होता. म्हणाले,

"आक्का, त्या दिवशी यात्रा हुती का?"

"होती."

"आज यात्रा हाय का?"

"आहे."

"मधी किती यात्रा झाल्या, बोटं मोज. तीन वरसं भरली. तुझा कायदाबी संपला. आता कोरटात जा न्हाईतर दिल्लीला जा."

मंडळी हसली. तात्याही हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. कुणीतरी म्हणालं, "धुळा लय हुशार निघाला की रं." मी घोंगडी तिथंच सोडली. प्रसाद घेतला. पुरणपोळी खाल्ली, वहिनीनं आग्रह केला म्हणून दुसरीही खाल्ली. तिचा काही दोष नाही. मग पिशवी उचलली आणि स्टँडकडे चालत निघाले. मागून तू ओरडलास, "आक्का, रागावू नगं!" मी हात हलवला. मी रागावले नव्हते, धुळा. मला चालताना हसू येत होतं, म्हणून वळले नाही.

आपली यात्रा तिथीनं येते. कोर्ट तिथी बघत नाही.

तीन वर्षांमागं चैत्री पौर्णिमा सहा एप्रिलला होती. यंदा ती दोन एप्रिललाच आली. मधे अधिक महिना आला, तिथी मागेपुढे झाल्या, ते भटजीला विचार. संयोगितानं फेब्रुवारीतच फोनमध्ये पाहिलं होतं. म्हणून तिनं आपटलेलं पेन परत उचललं. तू नाही म्हणालास तो दिवस कायदा मोजतच नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजतो. तारखेनं. म्हणजे तुझी यात्रा झाली, बिरोबाची पालखी उतरली, भावकी हसून घरी गेली, तरी माझ्याकडे चार दिवस उरले होते. शुक्रवारी कोर्टाला सुट्टी. शनिवारी कागद तयार केले, रविवार बसून काढला. आज सोमवार. शेवटचा दिवस. आज सकाळी दावा दाखल केला.

तू तुझ्या वकिलाला काय विचारलंस ते मला दिसतं. तू विचारलंस, किती वर्षं. तो म्हणाला, तीन. तू त्याला यात्रा म्हणालास, त्यानं तारीख विचारली नाही. आपल्या माणसाला यात्रा म्हटलं की पुरतं. आपण जन्म, लग्न, मरण सगळं यात्रेपासून मोजतो. यात्रेआधी, यात्रेनंतर. मीही तसंच मोजलं असतं. तिच्यासमोर मी पौर्णिमाच म्हणाले होते.

हे तुला मी सांगितलं नाही. तू विचारलं नाहीस. मी यात्रेपर्यंत थांबेन म्हणाले, यात्रेपर्यंत थांबले. तात्यांना सांग, शब्द मोडलेला नाही. यात्रेनंतरचा शब्द कुणी मागितलाच नव्हता.

दावा लावला म्हणजे मेंढरं मिळाली असं नाही. हे मला कळतं. संयोगितानं स्पष्ट सांगितलंय की वर्षं जातील, तारखा पडतील, तू म्हणशील आबांनी मेंढ्या दिल्याच नव्हत्या. म्हण. लग्नात मांडवात शिरलेली मेंढी पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत. मामा जिवंत आहेत. बारा घोंगड्यांतल्या नऊ माझ्याकडे आहेत, वास येतो त्यांना. पण आता तू नुसता बसून जिंकणार नाहीस. बसण्याचे दिवस संपले. आता तुला उभं राहून, शपथ घेऊन, तोंडानं सांगावं लागेल की बहिणीचं काही नाही. लिंबाखाली मान खाली घालून सांगितलंस तसं नाही. वर बघून.

सोनिया, एक तुझ्याशी बोलते. अण्णांनी मागच्या वर्षी तुझ्या नावानं पाच मेंढ्यांना कातरा मारला, असं वहिनी म्हणाली. कौतुकानं सांगत होती. उजव्या कानाला मारलाय म्हणे. चांगलं आहे. तू त्या ओळखून ठेव. त्यांची कोकरं ओळखून ठेव. उद्या तुझं लग्न होईल, मेंढ्या कळपातच राहतील, दसऱ्याला घोंगडी येत राहील. ती पांघरायच्या आधी वास घेऊन बघ. आणि मागायची वेळ आली तर यात्रेत मागू नकोस. ज्या दिवसाची तारीख तुझ्या लक्षात राहील अशा दिवशी माग.

धुळा, कोर्टाचा कागद तुला पाटणला मिळेल, नाहीतर उंब्रजला, नाहीतर गावी. मी तिन्ही पत्ते दिलेत. मेंढरं वर येताना कोणत्या वाटेनं येतात तेही सांगितलंय. बेलिफ हसला. म्हणाला, असा पत्ता पहिल्यांदाच लिहून घेतोय.

कागद मिळायच्या आधी मेंढरं द्यायची असतील तर रस्ता तुला माहीत आहे. तासगावपर्यंत कळप चार मुक्कामात येतो. दावा मी मेंढरं दारात मोजून घेतल्यावर मागे घेईन, आधी नाही. नाही दिलीस तर तारखेला भेटू. जेवणाचा डबा मी दोघांचा आणीन. इथल्या हॉटेलातली भाजी तुला सोसत नाही.

दसऱ्याला घोंगडी पाठवू नकोस. लोकर माझी मी कातरीन.

आता आशीर्वाद घे.

तुझी आक्का
साळू